काळी साडी किरमिजी, कोपरे निळसर: एम८वर २१ मिमी लेन्सला यूव्ही/आयआर फिल्टर लावताना

जुना लायका एम८ हा डिजिटल कॅमेरा हाती आला आणि पहिलाच मोठा वापर संक्रांतीला झाला. सोलापुरात त्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांबरोबर पांढऱ्या बाराबंद्या, आणि घराघरांत काळ्या साड्या. बाराबंद्या छान आल्या. साड्या मात्र निम्म्या काळ्या, निम्म्या किरमिजी. एकाच फोटोत शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीची साडी कोळशासारखी, दुसरीची वांग्याच्या सालीसारखी. १४ जानेवारीला हे सुरू झालं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपलं. मधले साडेतीन महिने कशात गेले ते क्रमाने लिहितो, म्हणजे तुमचे तेवढे जाणार नाहीत.

आधी रोगाचं कारण. एम८ २००६ साली आला. सेन्सर २७ बाय १८ मिलिमीटर, साधारण एक कोटी पिक्सेल. हा रेंजफाइंडर, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. अशा कॅमेऱ्याच्या वाइड (रुंद कोनाच्या) लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या फार जवळ येतं, त्यामुळे कडेच्या पिक्सेलवर किरण तिरपे पडतात. तिरप्या किरणांना जाड काच सोसत नाही, प्रतिमा कडेला बिघडते. म्हणून या कॅमेऱ्यात सेन्सरवरची काच अवघी अर्धा मिलिमीटर ठेवली होती. इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा, लालपलीकडचा प्रकाश) अडवायचं काम याच काचेचं, आणि ती इतकी पातळ असल्यावर बरंच इन्फ्रारेड आत येतं. ते सेन्सरच्या लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही खिडक्यांतून घुसतं, पण लाल आणि निळ्यात जास्त. लाल अधिक निळा म्हणजे किरमिजी. कंपनीने तेव्हा हे मान्य करून एम८ घेणाऱ्यांना दोन यूव्ही/आयआर (अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडवणारे) फिल्टर मोफत दिले होते. सेकंडहँड घेताना ते दोन सोबत आहेत का, हे विचारायचं मला सुचलं नाही. तुम्ही विचारा.

कापड सुती की कृत्रिम, यावर हे ठरतं असं पुष्कळ जण सांगतात. तसं सरळ नाही. ठरवतो तो रंग. डोळ्याला काळे दिसणारे कितीतरी रंग इन्फ्रारेड शोषत नाहीत, परत फेकतात. पॉलिस्टरच्या साडीत, वकिलाच्या टेरिकॉट कोटात, छत्रीच्या कापडात, कॅमेऱ्याच्या बॅगेत हे हमखास आढळतं, पण सुती कापडातही सापडतं. पानं पिवळट येतात, चेहरे लालसर येतात, तेही याच कारणाने. उजेडाचाही वाटा आहे. जुन्या हॅलोजनमध्ये इन्फ्रारेड भरपूर, उन्हात बरंच, ट्यूबलाइटमध्ये थोडं आणि एलईडीत जवळजवळ नाही. म्हणून एलईडीच्या उजेडात पाहून ‘माझा कॅमेरा ठीक आहे’ असं ठरवू नका. चाचणी दुपारच्या उन्हात घ्या.

पहिले दहा दिवस मी संगणकावर रंग दुरुस्त करण्यात घालवले. ते होत नाही, आणि का होत नाही हे नीट समजून घेण्यासारखं आहे. किरमिजीपणा कापडागणिक वेगळा असतो. एका साडीसाठी किरमिजी काढला की शेजारच्या खऱ्या काळ्या साडीवर हिरवट झाक येते आणि खरी जांभळी साडी राखाडी होते. कोणत्या काळ्यातून किती इन्फ्रारेड आलं, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. वर इन्फ्रारेडचा फोकस थोडा मागे पडतो, त्यामुळे फोटोचा रेखीवपणा जरासा कमी होतो, तोही परत येत नाही. ही चूक प्रकाश आत येण्याआधी लेन्सवरच अडवावी लागते.

२५ जानेवारीच्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघालो, सकाळी सीएसएमटीला उतरलो. प्रजासत्ताक दिन होता हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. कॅमेऱ्यांची दुकानं असलेला बोरा बाजार स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर, पण शटर सगळी खाली. एक दिवस नातेवाइकांकडे काढला आणि २७ तारखेला परत गेलो. दुकानात ‘आयआर फिल्टर’ म्हटलं की हातात काळीकुट्ट काच ठेवतात. ती होया आर७२ किंवा तशीच. तिचं काम बरोबर उलटं आहे: दिसणारा प्रकाश अडवून फक्त इन्फ्रारेड सोडते. आपल्याला हवा तो इन्फ्रारेड अडवणारा. त्याला ‘यूव्ही/आयआर कट’ असंच म्हणा. लायकाचा स्वतःचा असतो, बी+डब्ल्यूचा ४८६ क्रमांकाचा असतो, हेलिओपानचाही मिळतो. त्या दिवशी ३९ मिमीच्या मापात कोणाकडेच नव्हता. एका दुकानदाराने साधा यूव्ही फिल्टर ‘हाच तो’ म्हणून दाखवला.

खरा कोणता हे ओळखायच्या दोन युक्त्या. फिल्टर तिरपा धरून वरून पाहिला की लालसर प्रतिबिंब दिसतं, आणि त्यातून पांढऱ्या कागदाकडे पाहत तो हळूहळू कलता केला की कागद निळसर-हिरवा होत जातो. दुसरी अधिक खात्रीची. टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं बटण दाबा. मोबाइलवर रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसेल. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे फिल्टर धरा. लुकलुकणं बंद झालं तर फिल्टर खरा. साध्या यूव्हीने काही फरक पडत नाही. मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरू नका, पुष्कळ फोनांत तो इन्फ्रारेड आधीच अडवतो.

शेवटी जर्मनीतून मागवला. ३१ जानेवारीला ऑर्डर, किंमत ७,४०० रुपये, कुरियर १,९००. पार्सल भारतात उतरल्यावर कुरियरकडून ईमेल येतो: केवायसी भरा. आधार किंवा पॅनची प्रत, पत्ता जुळायला हवा, आणि बिलाची प्रत. माझ्या आधारवर जुना पत्ता होता, पार्सलवर नवा. त्यात सहा दिवस गेले. पॅनबरोबर नव्या पत्त्याचं वीजबिल जोडल्यावर सुटलं. वस्तूच्या वर्णनात विकणाऱ्याने नुसतं ‘फोटो अ‍ॅक्सेसरी’ लिहिलं होतं, म्हणून ‘ही काच नक्की कशाची’ हे विचारणारा आणखी एक ईमेल आला. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की बिलावर ‘कॅमेरा लेन्ससाठी काचेचा फिल्टर, ३९ मिमी, १ नग’ असं स्पष्ट लिहा आणि खरी किंमत घाला. कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीवरच नाही, कुरियरखर्च धरून काढतात, हे लक्षात ठेवून स्वस्त पाठवणी निवडा. ड्युटी, कर आणि कुरियरचा हाताळणी आकार मिळून ३,८६० गेले. पार्सल २३ फेब्रुवारीला घरी आलं, म्हणजे २३ दिवस.

फिल्टर आधी ५० मिमीवर लावला. साडी काळी, पानं हिरवी, काम फत्ते. मग वाइडवर, म्हणजे आटेवाल्या माउंटच्या (फिरवून आट्यांवर बसणाऱ्या) फोक्टलँडर २१ मिमी एफ/४ कलर-स्कोपारवर लावला. एम८चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून लेन्सचा आकडा १.३३ पट धरायचा, म्हणजे ही २८ मिमीसारखी दिसते. भुईकोट किल्ल्याच्या तटाचा फोटो घेतला. मधला दगड दगडाच्या रंगाचा, चारही कोपरे मात्र निळसर-हिरवे, ज्याला सायन म्हणतात तसे. पांढऱ्या भिंतीवर तर डोळ्यात भरतं.

हे फिल्टर खराब असल्यामुळे होत नाही. हा फिल्टर रंगीत काचेचा नसून अतिशय पातळ थरांचा असतो. थरांमधल्या परावर्तनांच्या जुळणीतून तो ठराविक तरंगलांबीच्या पुढचं परत फेकतो. प्रकाश तिरपा आला की ती सीमा लहान तरंगलांबीकडे सरकते. समजा सरळ येणाऱ्या किरणासाठी सीमा ७०० नॅनोमीटर आहे आणि थरांचा सरासरी अपवर्तनांक १.८ धरला. एम८च्या कोपऱ्यापर्यंत ५० मिमी लेन्समध्ये किरण १८ अंशांनी तिरपा येतो, सीमा ६९०च्या आसपास राहते. ३५ मिमीला २५ अंश, ६८१. २८ मिमीला ३० अंश, ६७२. २१ मिमीला जवळजवळ ३८ अंश, ६५८. १५ मिमीला ४७ अंश आणि ६३९. म्हणजे इन्फ्रारेडबरोबर खरा लालही कापला जायला लागतो. लाल गेला की उरतो सायन.

इथेच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. किरमिजीपणा कापडावर अवलंबून, म्हणून नंतर दुरुस्त होत नाही. सायनपणा फक्त कोनावर अवलंबून, समोर साडी असो की तटबंदी, कोपऱ्यात तो तितकाच. जी चूक कोनावर चालते ती मोजता येते आणि मोजली की वजा करता येते. म्हणून वाइडवर फिल्टर काढून ठेवायचा मोह टाळा. फिल्टर लावा आणि कोपरे दुरुस्त करा. (उजेडाप्रमाणे मात्र थोडा फरक पडतो. एलईडीत ६५० नॅनोमीटरच्या पुढे मुळात कमीच असतं, त्यामुळे कोपरेही कमी बिघडतात.)

कॅमेऱ्यात त्याची सोय आहे. मेनूत लेन्स ओळखण्याच्या नोंदीला तीन पर्याय आहेत: बंद, चालू, आणि यूव्ही/आयआरसह चालू. तिसरा ठेवला की कॅमेरा कोपऱ्यांतला सायन स्वतः वजा करतो. अट एवढीच की कोणती लेन्स आहे ते त्याला कळलं पाहिजे. लायकाच्या लेन्सच्या माउंटवर सहा खड्डे असतात, काही काळे, काही पांढरे. बॉडीतला वाचक ते वाचतो. नंतरच्या एम९मध्ये लेन्स मेनूतून हाताने निवडता येते, एम८मध्ये येत नाही. खूण नसलेल्या लेन्सवर तिसरा पर्याय ठेवला तर काहीच होत नाही, आणि पुष्कळ जण इथेच ‘फर्मवेअर (कॅमेऱ्यातला प्रोग्राम) कामाचं नाही’ म्हणून थांबतात.

माझी लेन्स आटेवाली असल्याने मध्ये अडॅप्टर हवा, आणि खूण अडॅप्टरवरच करायची. अडॅप्टर तीन प्रकारचे येतात, व्ह्यूफाइंडरमध्ये कोणती चौकट आणतात त्यावरून. २१ मिमीसाठी २८/९० वाला घ्या. एम८मध्ये २१ची चौकट नसतेच, तिच्यासाठी वर बसणारा वेगळा व्ह्यूफाइंडर लागतो. अडॅप्टरची जाडी बरोबर एक मिलिमीटर असली पाहिजे, कारण आटेवाल्या माउंटचं अंतर २८.८ मिमी आणि एम माउंटचं २७.८. काही अडॅप्टरच्या कडेला खाच असते, ती नेमकी वाचकासमोर आली तर खूण करायला धातूच उरत नाही. फोटो नीट पाहून मागवा. माझा ९ मार्चला आला, २,३५० रुपये.

मार्करने खूण करण्याचा पहिला प्रयत्न दोन दिवस टिकला. लेन्स फिरवून बसवताना ती जागा बॉडीच्या कड्यावर घासते आणि शाई पुसली जाते. चकचकीत शाई तर आधीच वाचली जात नव्हती. पण मार्करचा एक उपयोग आहे: जागा बरोबर आहे का, हे खड्डा पाडण्याआधी तपासून घेता येतं. या सहा खुणांतून लायकाच्या लेन्सचा क्रमांक वाचला जातो. मी लायकाच्याच २१ मिमी एल्मारिट-एम अ‍ॅस्फेरिकलचा क्रमांक घेतला. तो २४, म्हणजे सहा खुणांत ०११०००. एक म्हणजे काळा, शून्य म्हणजे पांढरा. सहापैकी दोनच काळे करायचे, चार जागी उघडा धातू चालतो. उलट्या बाजूने मोजलं तर ०००११० होतो, तो सहा, आणि सहा हा लायकाच्याच ३५ मिमी समिक्रॉनचा क्रमांक आहे. फोटो काढून फाइलच्या माहितीत लेन्सचं नाव पाहा. २१ ऐवजी ३५ दिसलं तर चूक हीच. नावच दिसलं नाही तर शाई चकाकते आहे किंवा जागा चुकली आहे.

खड्डे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाडून घेतले. तिथे यंत्रमागांचे सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉप आहेत, मिलिंगवर हात बसलेली माणसं. कारागिराने आधी विचारलं, ‘साहेब, यात बसवायचं काय?’ काही नाही, रंग भरायचा आहे, म्हटल्यावर हसून काम हातात घेतलं. त्याला तीन गोष्टी सांगा. खोली ०.३ मिमीच्या आसपास, जास्त नको. खड्डा आरपार जाता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचं, नंतर ‘साफ करून देतो’ म्हणून पृष्ठभाग घासायचा नाही. जाडी शतांश मिलिमीटरांनी कमी झाली तरी मोठ्या छिद्राच्या लेन्सचा फोकस हलतो. २१ मिमी एफ/४ला फोकसची खोली भरपूर, तिच्यात ते लपेल, पण तोच अडॅप्टर उद्या दुसऱ्या लेन्सला लावाल. कड्याचा स्क्रू नेमका खुणेच्या जागी येत असेल तर हा अडॅप्टर सोडून दुसरा घ्या. मजुरी २५० रुपये, वेळ वीस मिनिटं. घरी आणून खड्डे स्पिरिटने पुसले, बारीक कुंचल्याने मॅट काळा इनॅमल भरला, एक रात्र वाळू दिला, कडेचा ओघळ टाचणीने खरवडला. रंग आणि कुंचला ९० रुपये. सहा खड्डे आधीच कोरलेले अडॅप्टरही मिळतात. पुन्हा करायचं झालं तर मी तेच घेईन.

२२ मार्चला खुणेसह पहिला फोटो. सायन जवळजवळ गेला, पण पूर्ण नाही: दोन कोपरे किंचित लालसर आणि उरलेले किंचित निळसर. कॅमेरा एल्मारिटचा हिशेब लावतो आणि समोर आहे स्कोपार. दोन्हींतून मागे जाणाऱ्या किरणांचा कोन वेगळा, अंधारणंही वेगळं. रस्त्यावरच्या फोटोला हे पुरेसं आहे. पांढऱ्या भिंती, आकाश, छापायचं काम असेल तर पुढची पायरी लागते.

त्यासाठी कॉर्नरफिक्स हा मोफत प्रोग्राम वापरला. तो डीएनजी (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल घेतो, एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या फोटोवरून लेन्सची प्रोफाइल (कोपऱ्यांच्या बिघाडाचं मोजमाप) बनवतो आणि बाकी फोटोंना लावतो. सगळा भर त्या पांढऱ्या फोटोवर. पाटी रंगवणाऱ्याच्या दुकानातून तीन मिलिमीटर जाडीचा दुधी अ‍ॅक्रिलिकचा तळहाताएवढा तुकडा आणला, ८० रुपये. सकाळी आठच्या आत गच्चीवर सावलीत उभं राहून कॅमेरा उत्तरेच्या आकाशाकडे केला आणि तुकडा फिल्टरला चिकटवून धरला. ऊन तुकड्याच्या एका बाजूला जरी लागलं तरी प्रोफाइल वाकडी होते. एप्रिलमध्ये सोलापुरात साडेआठला सावलीही पांढरी पडते, तेव्हा लवकर उठा. बोटांची सावली पडू देऊ नका. एफ/८, उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) मध्यभागी, आणि लेन्स ओळखण्याचा पर्याय तोच ठेवा जो प्रत्यक्ष फोटोंना ठेवणार. मी पहिल्यांदा प्रोफाइल ‘बंद’वर बनवली आणि फोटो ‘यूव्ही/आयआरसह’ काढले. दुरुस्ती दोनदा झाली, कोपरे विटकरी झाले, आणि चूक सापडायला आठवडा गेला.

लेन्सचं छिद्र (एफचा आकडा) बदललं की कोपऱ्यांचा अंधार बदलतो, रंग फारसा बदलत नाही. म्हणून प्रत्येक छिद्राची वेगळी प्रोफाइल करत बसू नका. एक एफ/८ची करा, रंगाची दुरुस्ती पूर्ण ठेवा, उजळपणाची निम्मी. कोपरे पूर्ण उजळले की तिथली रवाळी (नॉइज) वर येते, आणि या सेन्सरला आयएसओ ६४०च्या पुढे ती लपत नाही. हॅलोजनमध्ये काम असेल तर त्याची मात्र वेगळी प्रोफाइल हवी. लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांना त्यात फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे, तिथे हाच दुधी तुकड्याचा फोटो चालतो.

किरकोळ सूचना एकत्र देतो. व्हाइट बॅलन्स घेताना करडं कार्ड चौकटीच्या मध्यभागी ठेवा, कोपऱ्यात ठेवलं तर मधला भाग लालसर होतो. या फिल्टरवर दुसरा यूव्ही चढवू नका. रात्री रस्त्यावरचे दिवे चौकटीत असले की फिल्टर लाल प्रतिबिंबं परत पाठवतो, सिद्धेश्वर तलावाकाठच्या दिव्यांच्या फोटोत आकाशात लाल ठिपक्यांची रांग दिसते. तिथे फिल्टर काढा, दिवे एलईडी असतील तर नुकसान नाही. कृष्णधवलसाठीही काढलेला चालतो. उन्हाळ्यात फिल्टरची रिंग आट्यांत अडकली तर जोराने दाबू नका, रिंग अंडाकृती होऊन जास्तच घट्ट बसते. सपाट रबरी तुकड्यावर लेन्स पालथी ठेवून तळहाताने फिरवा. आणि एम९वर हा फिल्टर वाइडला लावू नका. त्याला गरज नाही, आणि सायन काढायची मेनूतली सोयही नाही.

खर्च: फिल्टर घरपोच १३,१६०, अडॅप्टर २,३५०, खड्डे, रंग, अ‍ॅक्रिलिक मिळून ४२०. एकूण १५,९३० रुपये, मुंबईची फेरी वेगळी. ३ मेला तीच साडी त्याच उन्हात पुन्हा काढली. मध्यभागी काळी आली आणि कोपऱ्यातला पदरही काळा आला.

१५ मिमीची जुनी फोक्टलँडर हेलिआर लेन्स अजून तशीच पडून आहे. तिच्या पुढे ऊन अडवणारी कड (हूड) कायमची जोडलेली, फिल्टरला आटेच नाहीत. मागच्या भिंगावर काच चिकटवणारे आहेत, पण तिथे बॉडीच्या आत जागा किती उरते ते मोजल्याशिवाय मी हात लावणार नाही. तोवर तिच्यावर कृष्णधवल.